अर्ज मिळाला, उत्तर कोण देणार?

'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे,' असा संदेश भ्रमणध्वनीवर आला की परभणीतला उमेदवार महा ई-सेवा केंद्राच्या बाकावरून उठतो. परीक्षा शुल्क भरलेले असते, छायाचित्र आणि स्वाक्षरी ठरावीक आकारात बसवून देण्याचे केंद्रचालकाचे पैसे वेगळे दिलेले असतात आणि अर्जाची छापील प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलेली असते. त्यानंतर मात्र पुष्कळदा महिनोन्महिने काहीच घडत नाही. परीक्षा कधी होणार, केंद्र कोठे येणार, पुढे ढकलली तर कोणत्या कारणाने, रद्द झाली तर भरलेल्या पैशांचे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे अधिकृत उत्तर देऊ शकेल असा माणूस जिल्ह्यात सापडत नाही. जिल्हा कार्यालयात विचारावे तर भरती राज्यस्तरावरून असते. राज्यस्तरावर विचारावे तर परीक्षा संस्था घेत असते. आणि संस्थेचा मदत क्रमांक लागलाच, तर संकेतस्थळ पाहत राहण्याचा सल्ला मिळतो.

नोकरी न मिळण्याचे दुःख नवे नाही. हजार जागांना लाखो अर्ज येणार असतील, तर बहुतेकांच्या पदरी निराशा पडणार हे उमेदवारांनाही कळते. परंतु गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील अभ्यासिकांमधून जो संताप व्यक्त होतो, तो नापास होण्याचा नाही. आपल्याशी कोणी बोलतच नाही, आपले काय चुकले किंवा यंत्रणेचे काय चुकले हे सांगण्यास कोणीच बांधील नाही, याचा तो संताप आहे.

परभणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण येथला माणूस हसतहसत, काहीशा अभिमानाने सांगतो; पण उद्योगांच्या बाबतीत जर्मनीशी तुलना करण्याची सोय नाही. नऊ तालुक्यांचा हा जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला, कापूस आणि सोयाबीनवर जगणारा. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण वाढले, महाविद्यालये वाढली. पदवीधरांना सामावून घेतील असे कारखाने मात्र आले नाहीत. त्यामुळे जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या मुलांपुढे दोनच वाटा उरतात. एक चाकण-रांजणगाव-वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून जाण्याची आणि दुसरी सरकारी भरतीची. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हाही नोकऱ्यांतील न्याय्य वाटा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. अर्ध्या शतकानंतर मागणी तीच आहे. फरक इतकाच, की तेव्हा मोर्चा कोणाच्या दारी न्यायचा हे ठाऊक होते.

त्या पिढीच्या घरांतील जुन्या पेट्यांमध्ये सेवायोजन कार्यालयाचे नोंदणी कार्ड आजही सापडेल. १९५९ च्या कायद्याने रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळविणे आस्थापनांवर बंधनकारक केले होते. नाव नोंदवायचे, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. तो काळ सुवर्णयुग होता असे समजण्याचे कारण नाही. पोस्टाने निघालेला कॉल पोहोचेपर्यंत मुलाखतीची तारीख उलटून गेल्याच्या कथा घरोघर होत्या आणि कार्यालयातील ओळखीचा कारकून ही एक स्वतंत्र सत्ता होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात, केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठविलेल्या नावांवर न थांबता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी असा निर्वाळा दिला, तो उगाच नव्हे. पुढे जिल्हा निवड समित्यांच्या काळात परीक्षा जिल्ह्यातल्याच शाळांमध्ये होत आणि निकाल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागत. त्या फलकापुढेही वशिल्याची कुजबुज असेच. तथापि, आक्षेप घ्यायचा झाला तर कोणत्या टेबलावर जाऊन घ्यायचा, हे उमेदवाराला माहीत होते.

वशिल्याचा हा रोग बरा करण्यासाठीच माणसाला बाजूला सारण्याचे धोरण आले आणि त्यामागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. मुलाखतीच्या गुणांत होणारी हातचलाखी त्यामुळे थांबली, हे मान्यच केले पाहिजे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये 'महापरीक्षा' पोर्टल आले. सर्व विभागांची भरती एकाच संगणकीय खिडकीतून, माणसाच्या हस्तक्षेपाविना होईल अशी ग्वाही देण्यात आली. प्रत्यक्षात २०१९ च्या तलाठी भरतीत तोतया उमेदवार बसल्याचे प्रकार पुढे आले. अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) ते उघडकीस आले कागदपत्रांच्या पडताळणीत, म्हणजे समोर उभा असलेला माणूस आणि अर्जावरील माणूस एकच आहे का हे अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा. जिल्हाधिकाऱ्यांनी तसा अहवाल शासनाला दिला. यंत्राला जे दिसले नाही ते माणसाला दिसले. २०२० च्या प्रारंभी हे पोर्टल बंद करण्यात आले.

पोर्टल गेले, धोरण मात्र तेच राहिले. परीक्षा आता वेगवेगळ्या खासगी कंपन्यांकडे गेल्या आणि २०२१ हे वर्ष उमेदवारांच्या स्मरणात कायमचे राहिले. आरोग्य विभागाच्या गट 'क' आणि 'ड' संवर्गांतील सहा हजारांहून अधिक पदांची परीक्षा २५ व २६ सप्टेंबरला व्हायची होती. प्रवेशपत्रांवर चुकीची, दूरची, काही ठिकाणी तर परराज्यातील केंद्रे छापून आल्याच्या तक्रारी होत्याच. २४ तारखेच्या रात्री परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा दूरच्या केंद्रांचे उमेदवार रेल्वेत किंवा एसटीत बसलेले होते. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी दिलगिरी व्यक्त केली. मात्र परतीच्या तिकिटाचे पैसे ज्याचे त्यालाच भरावे लागले. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि डिसेंबरात खुद्द आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. पुढे ती भरतीच रद्द झाली. त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा सुरू होण्याच्या काही तास आधी, मध्यरात्रीनंतर पुढे ढकलली गेली. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या प्रमुखांनाच अटक झाली, तीही याच महिन्यात.

या तीन प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. मधला माणूस नाहीसा झालाच नव्हता. तो फक्त जिल्ह्याच्या कार्यालयातून उठून प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या, छापणाऱ्या, वाटणाऱ्या साखळीत जाऊन बसला होता, आणि तेथे तो उमेदवाराच्या नजरेच्या पूर्णपणे पलीकडे होता. पूर्वी वशिला लावणारा कोण हे गावाला ठाऊक असे. आता त्याचे नाव पोलिसांच्या आरोपपत्रातूनच कळते. नाहीसा झाला तो उत्तर देणारा माणूस.

परीक्षा झाली आणि फुटली, हा निदान दिसणारा अन्याय. परीक्षाच न होण्याचा अन्याय अधिक शांत असतो. मार्च २०१९ मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांनी तेरा हजारांहून अधिक पदांच्या जाहिराती दिल्या. उमेदवारांनी शुल्क भरून अर्ज केले. निवडणुका आल्या, सरकार बदलले, करोनाची साथ आली, पुन्हा सरकार बदलले आणि २०२२ मध्ये ही भरती रद्द करण्याचा निर्णय झाला. शुल्क परत देण्याचे ठरले. परंतु त्यासाठी उमेदवारांनी पुन्हा एकदा संकेतस्थळावर जाऊन आपली माहिती भरायची होती. पैसे घेताना लागलेली तत्परता परत देताना का लागत नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या साडेतीन वर्षांची भरपाई कशी करायची? खुल्या गटासाठी ३८ आणि राखीव गटांसाठी ४३ ही वयोमर्यादा या काळात थांबून राहिली नव्हती. शासनाने मार्च २०२३ मध्ये वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत दिली खरी, पण तीही त्या वर्षाअखेरपर्यंतच्या जाहिरातींपुरतीच. गावाकडे लग्न लांबवून, धाकट्या भावाच्या कमाईवर पुण्यात किंवा परभणीत खोली घेऊन राहिलेल्या तिशीतल्या मुलाला त्या सवलतीने दोन संधी वाढवून दिल्या. त्याची आधीची वर्षे मात्र कोणत्याच शासन निर्णयाच्या कक्षेत येत नव्हती.

यानंतर टीसीएस-आयओएन आणि आयबीपीएस या दोन मोठ्या संस्थांकडे परीक्षा सोपविण्याचा निर्णय झाला. त्याने काही प्रमाणात शिस्त आली. मात्र २०२३ च्या तलाठी भरतीने नव्या व्यवस्थेचे स्वरूपही दाखविले. साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटांना ९००. ढोबळ हिशेबानेही ही रक्कम ९० कोटींच्या घरात जाते. ज्या घरात सोयाबीनच्या क्विंटलमागे मिळणाऱ्या भावावर वर्षाचे गणित बसते, तेथे असे तीन-चार अर्ज म्हणजे एका पोत्याचे पैसे होतात. शिवाय उमेदवारांनी पसंतीची केंद्रे कळविली असतानाही कित्येकांना शेकडो किलोमीटरवरची केंद्रे मिळाली. देवगिरी एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात रात्र काढून सकाळच्या सत्राला केंद्राच्या दारात उभे राहणाऱ्या मुलांचा, आणि सोबतीला वडील किंवा भाऊ घेऊन निघालेल्या मुलींचा, खर्च शुल्कापेक्षा जास्त होतो. २१ ऑगस्टला सर्व्हरमधील बिघाडामुळे राज्यभर परीक्षा उशिरा सुरू झाली, तेव्हा केंद्रावरील कर्मचाऱ्यांनाही काय झाले ते सांगता येईना.

निकालाच्या वेळी तर नवेच आश्चर्य घडले. परीक्षा २०० गुणांची आणि काही उमेदवारांना गुण २०० हून अधिक, एकाला २१४. जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर गदारोळ उठला. शासनाने खुलासा केला, की परीक्षा अनेक सत्रांत झाली, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी आणि काठिण्यही वेगळे, म्हणून गुणांचे सामान्यीकरण करण्यात आले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. कठीण सत्रातील उमेदवारावर अन्याय होऊ नये यासाठी असे सूत्र लागतेच आणि त्यातून एकूण गुणांपेक्षा मोठा आकडा निघू शकतो. पण हे परीक्षेआधी, सोप्या मराठीत, उदाहरणासह समजावून सांगावे असे कोणाला वाटले नाही. आपले मूळ गुण अमुक, सत्राची सरासरी अमुक, म्हणून अंतिम गुण तमुक, एवढा तीन ओळींचा हिशेब प्रत्येकाच्या गुणपत्रकावर छापला असता, तर निम्मा गदारोळ झालाच नसता. गणित बरोबर असूनही विश्वास गेला.

यंत्रच दोषी, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. केंद्रीय लोकसेवा आयोग लाखो उमेदवारांच्या परीक्षा घेतो. त्याचे वर्षभराचे वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते. बँकांच्या परीक्षाही जाहीर केलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालतात. उमेदवाराला तेथेही कोणी नावाने ओळखत नाही. पण तारीख ठरलेली असते. याउलट, अगदी सरकारी, अगदी देशी असा एक नमुना परभणीतच पाहायला मिळतो. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी जिल्हा पोलीस दलाच्या मैदानावर होते. पहाटेच्या अंधारात रांगा लागतात, पावसात मैदान चिखलाचे होते, हाल होतात. २०२४ च्या जूनमध्ये ते राज्यभर झाले. तरीही धावण्याची वेळ उमेदवारासमोर नोंदली जाते, गोळा किती दूर पडला हे त्याच्या देखत मोजले जाते आणि तक्रार असेल तर तेथेच अधिकारी उभा असतो. त्या मैदानावरून बाद होऊन परतणारा मुलगा दुःखी असतो; पण आपण का बाद झालो हे त्याला कळलेले असते. संगणकासमोर बसून आलेल्या मुलाला ते कळत नाही.

शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलची कथा थोडी वेगळी आहे, आणि म्हणूनच ती लक्षात घ्यावी लागते. खासगी संस्थांतील शिक्षकपद म्हणजे संस्थाचालकांना द्यावयाची काही लाखांची 'देणगी', हे मराठवाड्यातील उघड गुपित होते. त्या व्यवहाराला पोर्टलने धक्का दिला. शेतमजुराची मुलगी गुणांच्या जोरावर शिक्षिका होऊ शकली. पण त्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी दिलेल्या उमेदवारांना निवडीची पहिली यादी पाहण्यासाठी ऑगस्ट २०१९ पर्यंत थांबावे लागले, आणि पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. प्रक्रिया निर्मळ; परंतु ती कधी चालेल आणि कधी थांबेल हे सांगणारे कोणी नाही.

खासगी क्षेत्रात स्थिती बरी आहे असे म्हणवत नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्या अर्ज संकेतस्थळांवरून घेतात आणि पहिली चाळणी संगणकच लावतो. जाहिरातीतले शब्द अर्जात नसतील, तर तो माणसाच्या नजरेस पडण्याआधीच बाजूला पडण्याची शक्यता मोठी. परभणीच्या महाविद्यालयातून मराठी माध्यमात शिकलेल्या पदवीधराला ते शब्द कोणी शिकविलेले नसतात. जगात याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून, निवडीसाठी स्वयंचलित साधन वापरणाऱ्या मालकांना त्यातील पक्षपाताची तपासणी करून घेणे आणि उमेदवाराला तशी पूर्वसूचना देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात नोकरभरतीच्या प्रणालींना अतिजोखमीच्या वर्गात टाकले. आपल्याकडे ही चर्चा अद्याप अभियंत्यांच्या परिषदांपलीकडे फारशी गेलेली नाही.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०२४ मध्ये केंद्राने आणि पाठोपाठ राज्यानेही स्पर्धा परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदे केले. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्याला त्यामुळे जरब बसेल, अशी आशा करता येईल. पण परीक्षा चार वर्षे न घेणाऱ्याला, मध्यरात्री ती पुढे ढकलणाऱ्याला, शुल्क अडकवून ठेवणाऱ्याला आणि पत्राला उत्तर न देणाऱ्याला या कायद्यांत स्थान नाही. गैरप्रकार आणि दिरंगाई यांत कायदा फरक करतो. ३८ वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवाराला तो फरक जाणवत नाही.

वस्तुतः त्यासाठी नवा कायदाच हवा असेही नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला ठरावीक दिवसांत मिळाला नाही, तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. म्हणजे भरतीच्या अर्जाला जोडावयाच्या प्रत्येक कागदाला मुदतीची हमी आहे. ते कागद जोडून केलेल्या अर्जाला मात्र नाही. भरती हीदेखील एक अधिसूचित सेवा मानली, तर जाहिरातीतच परीक्षेचा महिना, निकालाची कमाल मुदत आणि शुल्क परतीची तारीख द्यावी लागेल. पाळली नाही तर कोणी तरी नावानिशी उत्तरदायी ठरेल. उत्तरपत्रिकेबाबतही मार्ग आखलेला आहे. माहितीच्या अधिकारात तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले. प्रश्न चुकला आहे असा आक्षेप घेण्यासाठी उमेदवारानेच पैसे भरायचे, ही पद्धत त्या निर्णयाच्या आशयाशी सुसंगत आहे का, याचा विचार व्हायला हवा. पोरकट आक्षेप टाळण्यासाठी शुल्क असावे, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण मग आक्षेप खरा ठरल्यास ते शुल्क न मागता परत मिळाले पाहिजे.

आणि प्रत्येक जिल्ह्यात एक खिडकी हवी. परभणीत जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुन्या सेवायोजन कार्यालयाचेच ते नवे रूप. आज त्याचे काम मुख्यत्वे ऑनलाइन नोंदणी आणि रोजगार मेळाव्यांभोवती फिरते. राज्यातील प्रत्येक भरतीची अद्ययावत स्थिती तेथे लेखी मिळावी, केंद्र दूर आले असेल तर बदलण्याचा अर्ज तेथे घेतला जावा, आणि आलेल्या तक्रारीला ठरलेल्या दिवसांत संबंधित विभागाचे सहीचे उत्तर मिळावे. यासाठी इमारत नवी नको, संगणक नवे नकोत. सही करण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी पुरेसा आहे. हा अधिकारी नेमायचा कोणत्या विभागाने, यावर विभागांमध्ये पत्रव्यवहार होईल. तो होत असताना पुढच्या जाहिरातीचे अर्ज भरण्यासाठी महा ई-सेवा केंद्रांपुढे रांगा लागलेल्या असतील.